दानम्मांचं नाव चार ठिकाणी

उदगीरच्या आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी केली, असं म्हणायला संकोच वाटतो. निवृत्त ग्रंथपालाला पुस्तकं वाचून जितकं जमलं तितकं केलं. डावीकडच्या मेनूत तीन नोंदी आहेत, मराठी, उर्दू आणि कन्नड. प्रत्येकीच्या पोटात पुन्हा विषयांची यादी.

चन्नबसप्पांनी त्यांच्या दिवंगत पत्नीची, दानम्मांची, दोन खोकी कन्नड पुस्तकं आम्हाला दिली होती. उरलेली नऊ इथं द्यायची की बीदरच्या वाचनालयाला, हे ते आज चार वाजता येऊन ठरवणार होते. मेनूत कन्नडपुढे दानम्मांचं नाव दिसावं, एवढीच अट.

मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकानं पाळायच्या सूचना, लिहिली. यादीतली तिसरी नोंद निवड आणि तिच्यापुढे ‘दानम्मा संग्रह’ लिही, असं तिला सांगितलं. माझ्या लेखी तिसरी म्हणजे कन्नड. आयुष्यभर कपाटं मोजली. कपाटं मोजताना आतले कप्पे मी कधी धरले नाहीत. स्क्रिप्टनं धरले. प्रत्येक पोटयादीतही तिसरं काहीतरी होतंच. नाव कन्नडपुढे आलं, कन्नडमधल्या नाटकांपुढे आलं, मराठीतल्या पाककलेपुढे आणि उर्दूतल्या शायरीपुढेही.

मग पुस्तकात बघून ‘यादीच्या थेट आतली’ अशी खूण घातली. काही बदललं नाही. पोटयादी हीसुद्धा यादीच, तिच्याही थेट आत तिसरी नोंद असते. हे कळायला मला पाऊण तास लागला. दुसऱ्या कुणाला पाच मिनिटं लागली असती.

चन्नबसप्पा साडेतीनलाच आले. चष्मा पुसून पडद्याकडे बघत राहिले.

“शायरी? सर, तिला उर्दू येत नव्हतं.”

“दुरुस्त करतोय.”

“आणि पाककला. घरात स्वैपाक मी करायचो. ती खुर्चीत बसून वाचायची.”

“थोडं थांबा, होईल.”

“बीदरला एक बाई हाय. वहीत लिहिते. एकदाच लिहिते.”

देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या सिंधुबाई कधीपासून ऐकत होत्या.

“सर, लई मोजून राहिलात,” त्या म्हणाल्या. “तिसरं कपाट उघडा, असं म्हणतो का आपण? दारावर चिठ्ठी असती. त्या कन्नडला चिठ्ठी लावा की.”

चिठ्ठ्या चिकटवायला त्यांना मीच शिकवलं होतं, वीस वर्षांपूर्वी. मान खाली घालून मी कन्नडच्या नोंदीला स्वतःचं एक ओळखनाव दिलं. मोजू नकोस, या नावाची नोंद शोध, असं स्क्रिप्टला सांगितलं. दानम्मांचं नाव एकाच जागी आलं.

चन्नबसप्पांनी मेनू सहा वेळा उघडायला-मिटायला लावला. सहाही वेळा नाव कन्नडपुढेच होतं.

“गुरुवारी टेम्पो पाठवतो,” ते उठत म्हणाले. “नऊ खोकी. तोवर आणखी काही दुरुस्त करू नका.”

ते गेल्यावर मी सातव्यांदा उघडून पाहिलं.