टक्कलवाल्या मेलचा माग

चष्म्याच्या दुकानातल्या वहिनींना रोज सकाळी एक मेल यायचा: टक्कल घालवणाऱ्या तेलाचा. दुकान त्या आणि त्यांचे धाकटे दीर मिळून चालवायचे. भाऊजी काचा घासायचे. वहिनी डोळे तपासायच्या, गिऱ्हाइकांचे मेलही बघायच्या. खातं फुकटचं, त्यामुळे कुरकुर करायला तोंड नव्हतं. वहिनी त्या मेलवर ‘स्पॅम’ अशी खूण करायच्या, तो निमूट बाजूच्या कप्प्यात जाऊन बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ हजर!

“त्या कप्प्यात बघूच नका ना, वहिनी,” भाऊजी म्हणाले.

“न बघून कसं चालेल? गिऱ्हाइकांचे मेलही कधीकधी तिथंच पडतात. आणि मला सांगा, मी रोज खूण करते, ती वाचतं कोण?”

उत्तर दोघांनाही माहीत नव्हतं, आणि म्हणूनच वहिनींना चैन पडेना. त्यांनी मेल कंपनीचा तक्रारीचा पत्ता शोधून काढला, सगळी हकिकत लिहिली, पुरावा म्हणून तेलाचा मेल जोडला आणि पाठवून दिला. चहाचा कप ओठाला लागतोय तोच तक्रार परत आली. ‘आपला संदेश स्पॅमसारखा वाटल्यामुळे स्वीकारलेला नाही.’

भाऊजी पोट धरून हसले. “चोर सोडून संन्याशाला फाशी!”

वहिनींचं लक्ष मात्र तेलाचा मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्याकडे गेलं होतं. त्यात ‘बासरी’ असा शब्द होता. तेल विकणारा बासरी कशाला लावेल? त्यांनी तो पत्ता आपल्याच जुन्या मेलांत शोधला, तर खरंच एक मेल निघाला: ‘माझा चष्मा तयार आहे का? वाजवताना समोरचं नोटेशन दिसत नाही.’ वहिनींना तो माणूस लख्ख आठवला. पुलापलीकडे वरच्या मजल्यावर राहणारे बासरीचे मास्तर.

दुपारी दुकान भाऊजींवर सोपवून त्या तिथं पोचल्या. मास्तरांनी दार उघडलं. डोक्यावर एक केस नव्हता.

“तुमचं तेल…” वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

“कसलं तेल?”

वहिनींनी रोजच्या मेलची सगळी हकिकत सांगितली. वर्षभर त्यांचं खातं उघडत नव्हतं. पासवर्ड आपणच विसरलो, असं ते धरून चालले होते. नवे शिष्यही यायचे थांबले होते. “वाटलं, लोकांना बासरीचा कंटाळा आला. शिष्यांचं सोडा हो, माझ्या गुरुजींचं वादन त्यात आहे. गुरुजी गेले. दुसरीकडे कुठं ठेवलेलं नाही.”

वहिनींना परत आलेली तक्रार आठवली. तक्रार पोचली असती तर कंपनीनं मास्तरांचं खातंच बंद केलं असतं!

दोघं कॉम्प्युटरसमोर बसले. खातं बळकावून तेलाचे मेल पाठवणाऱ्या चोरानं पासवर्ड बदलला होता, पण पासवर्ड विसरल्यावर विचारला जाणारा ओळखीचा प्रश्न जुनाच होता: ‘तुमच्या पहिल्या शिक्षकांचं नाव?’

“घातलं मी. दहादा घातलं. चूक म्हणतंय.”

“शाळेतले की बासरीचे?”

“शाळेतले.”

“त्यांच्या पाठीमागे तुम्ही त्यांना काय म्हणायचात?”

मास्तर लाजले. “अहो, काहीतरीच काय!”

“सांगा तर खरं.”

“भोंगा,” मास्तर पुटपुटले, आणि त्यांनी तेच टाइप केलं.

खातं उघडलं. मास्तरांनी आधी पासवर्ड बदलला, मग गुरुजींचं वादन शोधलं. सुरुवातीला कुणीतरी खोकलं, मग सूर लागला. मास्तरांनी डोळे मिटले. वहिनींना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्या हलल्या नाहीत.

न वाचलेल्या मेलांत एका मुलीचा मेल होता. ‘मी शिकायला येऊ का?’ खाली फोन नंबर.

मास्तर उत्तर लिहायला लागले, तसं वहिनींनी त्यांना थांबवलं. “मेल नको. तुमच्या पत्त्यावर माझ्यासारख्या कितीजणींनी खुणा केल्या असतील कुणास ठाऊक. उत्तर त्या कप्प्यात जाऊन पडायचं. सरळ फोन लावा.”

“वर्ष उलटलं हो. आता काय म्हणेल ती?”

“तेच तर ऐकायचंय मला,” वहिनी म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

मास्तरांनी नंबर फिरवला. पलीकडून एका मुलीनं “हॅलो” म्हटलं.