टिपका चालतच होता

माझा नवरा स्वतःच्या चुकीनं मेला, हे सांगायला पलटणीचे साहेब एवढ्या लांबून आमच्या गावी, औरादला आले होते. वर्दी कडक, आवाज मऊ. मला त्या मऊपणाचाच जास्त संताप आला.

"तानाजीनं हातातला पट्टा काढला होता," ते हिंदीत म्हणाले. मराठी त्यांना समजत होतं. पट्टा म्हणजे मनगटावरचं यंत्र. बर्फात गस्तीवर गेलेला प्रत्येक जवान त्यामुळे खालच्या ठाण्यातल्या स्क्रीनवर हिरवा टिपका होऊन दिसतो. चालतोय की थांबलाय, सगळं कळतं. "पट्टा हातात असता तर लगेच शोधलं असतं. चौकशीत तसंच लिहावं लागेल."

माझे सासरे श्रीपतराव नुसती मान हलवत राहिले. जन्मभर कचेरीत साहेबांपुढे मान हलवलेला माणूस! मला त्यांचाही राग आला. पोरगा गेला, वर दोषही त्याच्याच माथी, आणि हे म्हणे 'जी साहेब'. उद्या माझी लेक शाळेत काय सांगणार? बाप नियम मोडून मेला?

साहेबांसोबत चन्नवीर आला होता. मादन हिप्परगा गावचा, माझ्या नवऱ्याच्याच तुकडीतला. सुट्टीला आला की आमच्याकडे जेवल्याशिवाय जायचा नाही. आज मात्र माझी नजर चुकवत होता.

"चन्नवीरअण्णा, कामून काढला वो पट्टा त्यांनी?"

त्यानं एकदा साहेबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "वैनी, समदेच काढत व्हतो. वर दम लागतो. घोटभर पाणी प्यायला टेकलं की टिपका थांबायचा, आन् टिपका थांबला की खालनं वायरलेसवर शिव्या. म्हणून समद्यांचे पट्टे एका पिशवीत टाकायचे. एकानं पिशवी घेऊन हिंडायचं, बाकीच्यांनी बसायचं. त्या दिशी पिशवी माझ्याकडं व्हती."

"आता ती भानगडच मिटली," साहेब मधेच म्हणाले. "नव्या पट्ट्याला कुलूप आहे. जवानाला काढताच येत नाही."

हे त्यांनी मला दिलासा म्हणून सांगितलं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे पाणी प्यायची सोय न्हाई केली, कुलपाची केली?"

चन्नवीर थांबला नाही.

"समदे परत चालायला लागलो आन् धुकं उतरलं. वळून बघतो तर तानाजी न्हाई. वायरलेसवर वरडलो, एक माणूस कमी हाय. खालनं सांगितलं, सगळे टिपके हायत, तानाजी तुझ्याशेजारीच चालायलाय, पुढं व्हा. मी म्हटलं, साहेब, त्याचा पट्टा माझ्या पिशवीत हाय. तर म्हणाले, तुझ्याकडं कसा आला ते आधी सांग."

"आधी?"

"व्हय. कुणी काढला, कवापासून काढताव, कुणाच्या सांगण्यावरनं. मी सांगत बसलो, वैनी. हुकूम व्हता. धुकं दाट व्हत गेलं. सापडला तवा पाय मोडून खड्ड्यात बसलेला व्हता. गार."

आत कुठंतरी मला आशा होती की ते पटकन गेले असतील. ते तर वाट बघत होते. आणि खाली त्यांचा टिपका मजेत चालत होता.

"कुणाचा आवाज होता तो?" मी साहेबांना विचारलं.

"ते आता सांगता येणार नाही. यंत्रात टिपक्यांची नोंद राहते. बोलण्याची नाही."

"माझ्या कानात राहिलीय," चन्नवीर उठून उभा राहिला. त्यानं साहेबांकडे बोट केलं. "ह्यांचाच आवाज व्हता."

"चन्नवीर, नोकरीचा विचार कर," साहेब म्हणाले. आता आवाज मऊ नव्हता.

सासऱ्यांची मान हलायची थांबली. मी उठले आणि दार सताड उघडलं. साहेबांची गाडी बघायला अख्खी आळी बाहेर जमली होती.

"अण्णा," मी म्हटलं, "आता परत सांगा. मोठ्यानं."