थर्मासच्या बुडातलं पत्र

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे आणि मी फार भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही मला हसाल. माझ्या अंगावर लाल पत्रा आहे, त्यावर दोन गुलाबी फुलं आहेत. बघणारे म्हणतात, काय दणकट आहे हो! पण पोटात सगळी पातळ काचेची बाटली. कारखान्यात आम्हाला तपासायला उकळतं पाणी ओतायचे. माझ्या डावीकडचा भाऊ फट्‌कन फुटला. उजवीकडचाही फुटला. मी वाचलो, पण तेव्हापासून कुठे खुट्ट झालं तरी मला वाटतं, आता माझी पाळी.

कारखान्यातून मी बीजिंगच्या एका विद्यापीठात आलो. उद्याचे राजदूत, दुभाषे, वकिलातीतले अधिकारी तिथे तयार व्हायचे. सकाळी मुलं-मुली झाडांपुढे उभं राहून परक्या भाषांतले धडे मोठमोठ्याने म्हणत. जेवायला मक्याचा पाव आणि कोबी, पण काटे-चमचे कसे धरायचे याचा सराव मात्र रोज. दारातच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'विचारू नये ते विचारू नका. सांगू नये ते सांगू नका.' हा तिथला पहिला धडा. एखादा शब्द चुकला तर एक वेळ खपे, यात चुकलेलं खपत नसे.

माझी मालकीण यिन सूलान. शानतुंगच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावची, लाजाळू, पण पाठांतरात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. खोलीत सहा मुली होत्या आणि त्यांची प्रमुख होती चू ल्यानफांग. उंच, खणखणीत आवाजाची, सगळ्यांवर दरारा. मुली तिला पाठीमागे 'फौजदारीण' म्हणायच्या. सूलानला बोलायची भीती वाटते म्हणून ल्यानफांग मला स्टुलावर ठेवायची, माझ्या गळ्यात रुमाल बांधायची आणि म्हणायची, "हे राजदूतसाहेब आलेत बघ. बोल यांच्याशी. मान वर! त्यांच्या बुटांशी बोलणार आहेस का?"

"महाशय, आपला प्रवास... आपला प्रवास..."

"झालं! तुझी वाट बघून महाशयांना डुलकी लागली!"

खोलीभर हसणं व्हायचं. पण सूलानला जमेपर्यंत ल्यानफांग तिथून हलायची नाही, आणि मीही ताठ बसून राजदूत होऊन राहायचो. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस मानाचे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीवरून सूलान परत आली ती गप्प गप्प. खोलीत कुणी नाही असं बघून तिने शर्टाच्या आतून एक कागद काढला आणि एकदाच हलक्या आवाजात वाचला. 'ताई, मी जिवंत आहे. तू आहेस का?' तिचा मामा पंचवीस वर्षांपूर्वी होडीतून समुद्रापार गेला होता आणि मेला असंच सगळे समजत होते. आता कुणाच्या तरी हातून त्याचं पत्र आलं होतं. मित्रांनो, त्या काळी चीनमध्ये देशाबाहेर नातेवाईक असणं म्हणजे अख्ख्या घरावर सरकारचा संशय. गावातल्या घराची तर कधीही झडती व्हायची. पण तिची आई म्हणाली होती, "जाळू नकोस गं. माझ्या भावाचा हात लागलाय त्याला." म्हणून सूलानने तो कागद इथवर आणला होता. तिने माझं बूड फिरवून उघडलं, कागदाची बारीक घडी बाटलीखाली ठेवली आणि बूड घट्ट बसवलं.

मला! माझ्यासारख्या भित्र्याला! त्या दिवसापासून कुणी मला उचललं की मला वाटायचं, संपलं आता सगळं.

हिवाळ्यात बातमी आली. आफ्रिकेत शिकायला जायला वर्गातून एकीची निवड होणार, आणि नावं दोनच, सूलान आणि ल्यानफांग. चौकशीला वरच्या कचेरीतून माणूस येणार होता. दोघींनी फॉर्म भरले. 'परदेशी नातेवाईक' या रकान्यात सूलानने लिहिलं, 'कुणी नाही.' लिहिताना शाईचा डाग पडला. त्या डागाकडे ती किती वेळ बघत बसली होती.

ज्या दिवशी तो माणूस येणार त्याच सकाळी ल्यानफांगची पाणी आणायची पाळी होती. बॉयलरघराच्या पायरीवर बर्फ होता. तिचा पाय घसरला, मी हातातून सुटलो आणि माझ्या पोटातली बाटली खळ्‌कन फुटली. वेदनेपेक्षा मला एकच भीती वाटली. नवी बाटली घालायची म्हणजे बूड उघडणार!

"अगं पोरी, हातपाय शाबूत आहेत ना? मग झालं तर!" बॉयलरवाले क्वो काका हसत म्हणाले. "काच काय, काच मी बदलून देतो."

त्यांनी बूड फिरवलं. काचा पडल्या आणि त्यांच्याबरोबर ती घडी पडली. ल्यानफांगने ती उचलली, उलगडली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिचा रंग उडाला. काकांना वाचता येत नव्हतं, की येत असून येत नव्हतं, कोण जाणे. ते म्हणाले, "बाटली डुगडुगू नये म्हणून लोक असा कागद घालतात. ठेव परत तिथेच."

 ल्यानफांगने जशी होती तशी घडी घातली आणि माझ्या बुडात ठेवून दिली. कुणाला काही बोलली नाही.

दुपारी चौकशीला आलेल्या पाहुण्याला गरम पाणी हवं म्हणून वर्गाच्या बाईंनी ल्यानफांगला थर्मास आणायला सांगितलं. खोलीत भरलेला असा मी एकटाच होतो. अरे देवा! ज्याच्यापासून ते पत्र लपवायचं त्याच्याच टेबलावर मला नेऊन ठेवलं. माणूस मध्यम वयाचा, थकलेला, बोलायला मऊ. त्याने माझ्या अंगावर हात टेकला. मला वाटलं, आता माझं बूड आपोआप गळून पडेल.

"यिन सूलानबद्दल काही सांगण्यासारखं?" त्याने विचारलं. "जागा एकच आहे, हे तुला माहीत आहे."

ल्यानफांगने कपात पाणी ओतलं. थेंबही सांडला नाही.

"कष्टाळू आहे. बोलायला घाबरते, तेवढंच. बाकी मला काही माहीत नाही."

मित्रांनो, मला तोंड आहे, पण त्याला बूच आहे. नाहीतर तेव्हा मी ओरडून तिला शाबासकी दिली असती.

ती बाहेर गेली. दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर सूलान उभी होती, शेजारी बाई. बाईंच्या देखत ल्यानफांग काय बोलणार? ती एवढंच म्हणाली, "सूलान, सकाळी तुझा थर्मास माझ्या हातून फुटला. क्वो काकांनी नवी बाटली घालून दिली. तू काळजी करू नकोस."

सूलान आत आली आणि तिला टेबलावर मी दिसलो.

तिच्या ओठांचा रंग गेला. बूड उघडलं गेलंय हे तिला कळलं, आणि मी कुठे आहे तेही दिसलं. माणसाने मला जरासं फिरवलं, फुलांकडे बघितलं आणि सहज म्हणाला, "जुना दिसतो. आमच्याकडेही अगदी असाच आहे."

"माझा मामा आहे," सूलान म्हणाली.

"काय?"

"समुद्रापार. फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलं. थर्मासच्या बुडातलं ते पत्र तुम्ही वाचलंच असेल. माझ्या आईचा काही दोष नाही हो! तिला वाचताही येत नाही. ती नुसता कागद हातात धरून बसायची."

नको गं, नको! मी आतल्या आत किंचाळत होतो. त्याला काही माहीत नाही! पण माझं कोण ऐकणार?

त्या माणसाचा हात कपावर थांबला.  मला वाटतं, आपण हे ऐकलं नसतं तर बरं, असंच त्याला वाटत असावं. पण लिहून घेणारा कारकून कोपऱ्यात बसला होता. मग त्या माणसाने माझं बूड उघडलं, पत्र काढलं आणि फायलीत ठेवलं. ल्यानफांगला परत बोलावलं. "बाटली तू बदलून आणलीस. आणि तुला काही माहीत नाही?"

 ल्यानफांगने फक्त सूलानकडे बघितलं.

दोघींचीही नावं कटली. आठ दिवसांनी सूलान गावच्या शाळेत शिकवायला निघाली आणि ल्यानफांगला उत्तरेकडच्या सरकारी शेतावर धाडलं. दोघी खोलीत वळकट्या बांधत होत्या. मी खिडकीत होतो.

"तू सांगितलं नव्हतंस?" सूलानने विचारलं.

"नाही."

"मग मला तरी सांगायचंस गं! एक शब्द!"

ल्यानफांगने दोरीची गाठ आवळली. "सांगायला शिकवलंय का आपल्याला कुणी?"

मग फौजदारीण रडली. मी तिला पहिल्यांदाच रडताना बघत होतो. सूलानने तिची वळकटी तिच्या पाठीवर चढवून दिली, आणि दोघी दोन दिशांना गेल्या. ते पत्र आईला पुन्हा मिळालं नाही.

मित्रांनो, काच जपा, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी तुम्हाला दुसरं सांगतो, भित्र्याचं म्हणून ऐका. कुणाचं गुपित तुमच्या हाती लागलं तर ते जीव गेला तरी जपा. पण ज्याचं आहे त्याला एकदा हळूच कळू द्या, की ते जपलेलं आहे.