सासूबाईंचा पंखा

भर दुपारी माशांच्या काचेच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्याचा पारा तिशीला टेकला आणि सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं होतं, मेकॅनिक उद्याशिवाय येणार नव्हता आणि आतले मासे कासावीस झाले होते, प्रवाळं अंग चोरून बसली होती. पाण्यावर वारा घातला की ते निवतं, हे तिला ठाऊक होतं. पण घरातला एकुलता एक टेबलफॅन झोपलेल्या सासूबाईंच्या उशाशी होता. मागायचा कसा?

ती दारात घुटमळताना सासूबाईंनी डोळे उघडले. "काय गं, कोण आजारी आहे?"

"टाकीतलं पाणी तापलंय. सगळे मरतील हो!"

"मग मुहूर्त कसला बघतेस?" असं म्हणत त्यांनी स्वतःच पंखा उचलून टाकीपाशी लावला आणि वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या.

सूनबाई तासातासानं पारा बघत होती, जेवढं पाणी आटेल तेवढं गोडं पाणी वर घालत होती. संध्याकाळी पारा सत्तावीसवर उतरला आणि प्रवाळं हळूहळू फुलली.

सासूबाईंनी काचेला नाक लावलं. "अगंबाई, ही जिवंत आहेत होय! तीन वर्षं मी यांना प्लॅस्टिकची फुलं समजत होते."