काळुरामच्या मुठीतला तिकीट-पंच

मित्रांनो, स्वस्थ पडून राहणे माझ्या स्वभावातच नाही. मी एसटीच्या वाहकाचा एक जुना पंच आहे, तिकिटाला भोक पाडणारा. खोपट आगारातून गाडी सुटली की माझा मालक काळुराम मला दांडीवर टकटक आपटायचा आणि उभे प्रवासी आपोआप पुढे सरकायचे. पुढे तिकिटांची यंत्रे आली. मग मोहने गावातल्या त्याच्या घरी बटणांच्या डब्यात मी वर्षानुवर्षे गंजत पडलो.

दोन वर्षांपूर्वी काळुरामला ताप आला. डासातून शिरलेल्या विषाणूने त्याच्या मेंदूला सूज आणली. अकरा दिवस तो शुद्धीवर नव्हता. जीव वाचला, पण उजवा हात ताठरला, शब्द ओठांशी येऊन अडकू लागले, अधूनमधून झटके येऊ लागले. शिवाय एक विलक्षण तगमग त्याच्या अंगात शिरली. बसला की उठायचा, दारापर्यंत जायचा, "ड्युटी... ड्युटी..." म्हणत परत फिरायचा.

ठाण्याच्या दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट निकोल त्याच्याकडून हाताचा व्यायाम करून घेई. तिने दाबायला दिलेला मऊ चेंडू त्याने भिरकावून दिला. पुढच्या खेपेला त्याची बायको सखुबाई मला पिशवीतून घेऊन गेली.

"ह्यो चालंल का बघा. सोला वरसं ह्यांच्याच हातात व्हता."

निकोलने मला तेल घातले, दांड्याला कापड गुंडाळले. "काका, एकच भोक. आणि पडलं की एका स्टॉपचं नाव घ्यायचं."

तो दाबू लागला. बोटे अर्ध्यावरच अडकत. आपणच मिटावे असे मला फार वाटे, पण ते माझ्या हाती नव्हते. तीन आठवडे काहीच झाले नाही. चौथ्या आठवड्यात कागदावर अर्धचंद्रासारखा वळ उमटला. दिवाळीपर्यंत भोके पडू लागली आणि त्यांच्यामागून शब्दही. "श... शहाड."

झटके थांबले तसे काळुरामला वाटले, आपण बरे झालो. झटक्यांवरच्या गोळ्यांनी त्याला गुंगी येई. तो त्या जिभेखाली धरून ठेवी आणि मागाहून माझ्याच डब्यात टाकी. मी सगळे पाहत होतो. सांगणार कसा?

एका सकाळी खाकी कपडे चढवून, मला खिशात घालून तो कुणाला न सांगता खोपटला गेला. आगाराच्या फाटकातच झटका येऊन तो कोसळला.

घरी आणल्यावर त्याच्या मुलीला, समृद्धीला, डब्यातल्या ओलसर गोळ्या सापडल्या.

"बाबा, गुंगी येते असं बोलायचं ना. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली असती."

"गोळी घेतो... तोवर... आजारी," तो म्हणाला.

सखुबाई डबा मांडीवर घेऊन त्या गोळ्या मोजू लागली.

डॉक्टरांनी खरोखरच गोळी बदलली. हात मात्र पुन्हा पहिल्यासारखा ताठर झाला होता. पुन्हा एकच भोक, पुन्हा एकच नाव. असे वर्ष गेले.

मग समृद्धी त्याला आगारात घेऊन गेली. मी त्याच्या मुठीत होतो. आगाराच्या साहेबांनी आपुलकीने विचारले, "काय मास्तर, गाडीवर कधी येताय?"

हाच प्रश्न ऐकण्यासाठी तो दोन वर्षे तळमळला होता. त्याचे ओठ हलू लागले. समृद्धी त्याच्या वतीने बोलणार, तोच त्याने हात वर करून तिला थांबवले.

"गाडीवर... नको. चालत्या गाडीत... मला झटका आला... तर लोकांनी... कुणाकडे बघायचं?" त्याने श्वास घेतला. "खाली... काम द्या."

साहेबांनी खुर्ची पुढे केली. समृद्धी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

आता तो आगारात गाड्यांच्या पाट्या लावतो. तगमग पुरती गेलेली नाही. दुपारी उठून आवाराला फेऱ्या मारतो, मग परत कामाला लागतो.

मित्रांनो, ताप उतरला म्हणजे दुखणे संपले असे समजू नका. औषध सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आणि असा कुणी तुमच्या घरात शब्द शोधत असेल, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. त्याला काय म्हणायचे आहे, ते तुम्ही धरून चालता त्याहून वेगळे असू शकते.