टॅबवरचा चंद्र

चंद्राची वरची कड रेखीव होती, खालची नव्हती. खाली काळसर रंग थोडा बाहेर झिरपला होता, टिपकागदावर शाई पसरावी तसा. तिने टॅबवरचं चित्र दोन बोटांनी मोठं केलं, पुन्हा लहान केलं. मग दुसरं चित्र आलं, मग तिसरं. मागे संथ संगीत वाजत होतं आणि कोपऱ्यात नाव होतं, ‘चंद्र : एक आठवण’.

‘‘किती छान फोटो काढलेस गं,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘मी शेजारच्या काकूंनाही दाखवले. तुला चंद्राचा नाद आहे हे कधी बोलली नाहीस ती.’’

ती हसली आणि टॅब टेबलावर ठेवला. तो चंद्र नव्हता. तिच्या पोटरीवरचा तीळ होता.

तीळ जुनाच, पण हिवाळ्यात तो गडद वाटायला लागला होता. डॉक्टरांना दाखवायचं तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं. पण तिच्या थोरल्या बहिणीचं दुखणं अशाच एका तिळापासून सुरू झालं होतं, आणि बहीण डॉक्टरकडे गेली त्या दिवसापासूनच खालावली असं माहेरी अजून म्हणतात. हे शास्त्राला धरून नाही हे तिला कळत होतं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. आधी काय आणि नंतर काय यावरून कारण ठरत नाही हे ती नवशिक्यांना शिकवायची. तरी पाय काही दवाखान्याकडे वळत नव्हते. त्याऐवजी ती मोजत होती. दर रविवारी आंघोळीनंतर पाय स्टुलावर ठेवायचा, तिळाखाली स्टीलची पट्टी आडवी धरायची, फोनला भिंग लावून फोटो काढायचा. रुंदी पहिल्या दिवशी होती तेवढीच होती. आकडा हलत नाही तोवर घाई नाही, हा तिचा हिशेब. नवऱ्यालाही तिने यातलं काही सांगितलं नव्हतं.

आणि आता तो तीळ शेजारच्या काकूंनी पाहिला होता.

राग यायला हवा होता. पण आधी आला तो प्रश्न. फोन तिचा, तिच्या बोटाच्या ठशाशिवाय उघडत नाही. फोटो ‘काम’ नावाच्या अल्बममध्ये, जिथे पाण्याच्या बाटल्यांशिवाय काही नसतं. मग हे बाहेर आलं कुठून?

उत्तराचा अर्धा भाग तिला लगेच सापडला. नणंदेच्या बाळाचे फोटो सासूबाईंना बघता यावेत म्हणून टॅबवर स्वतःचं खातं तिनेच उघडून दिलं होतं. फोनमधली जागा संपली तेव्हा फोटो ऑनलाइन साठवायला ‘हो’ म्हणणारीही तीच. उरलेला अर्धा भाग जास्त रंजक होता. फोटो वर जाणं एक, पण वर कुणीतरी ते बघून, निवडून, सिनेमा बनवणं वेगळं.

‘‘वर म्हणजे कुठे गं?’’ सासूबाईंनी विचारलं. त्यांना एव्हाना वास लागला होता की सूनबाई काहीतरी शोधतेय.

दुसऱ्यांच्या मशीनवर, तिने सांगितलं. आपण कपाट समजतो, पण ती दुसऱ्याची वखार असते, आणि वखारवाल्याचं यंत्र आत ठेवलेलं सगळं चाळून लावतं. तशी परवानगी आपणच दिलेली असते.

‘‘म्हणजे माझे पाय दुखतात म्हणून मी गुडघ्याचा फोटो काढला होता, तोही बघितला?’’

‘‘बघितला असणार.’’

‘‘आणि त्याला कळलं काय?’’

‘‘कोण जाणे. डोंगर वाटला असेल.’’

‘‘बघतं सगळं आणि कळत काही नाही,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘तुझ्या सासऱ्यांचा अवतार दिसतोय.’’

मग दोघींनी प्रयोग मांडला. तिने कोटाचं काळं बटण, एक बटाटा आणि टिपकागदावर टाकलेला शाईचा थेंब अशा तीन वस्तूंचे फोटो भिंगातून, पट्टी धरून काढले. आधी फोनचं इंटरनेट बंद ठेवून. सासूबाई टॅब मांडीवर घेऊन पहारा देत बसल्या. टॅबवर काही उमटलं नाही. मग इंटरनेट सुरू केलं. चहा उकळेपर्यंत तिन्ही फोटो टॅबवर हजर. म्हणजे कुलूप फोनच्या दारापुरतं होतं. दाराबाहेर पडलेल्या फोटोला त्याचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कामावरून आली तर सासूबाई दारातच उभ्या. यंत्राने तिन्ही फोटो आपापल्या गटात लावले होते. बटण कपड्यांत गेलं होतं, बटाटा खाण्यात. शाईचा थेंब चंद्रात.

‘‘बघ,’’ त्या म्हणाल्या आणि सिनेमा लावला.

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. यंत्राने प्रत्येक फोटोतली पट्टी कापून टाकली होती. चंद्राला पट्टी कशाला हवी? नुसता काळा गोल मध्यभागी बसवून एकापाठोपाठ एक लावला होता. काल तिने तिसऱ्या चित्रावरच टॅब ठेवून दिला होता; हे फोटो असे ओळीने शेवटपर्यंत कधी पाहिलेच नव्हते. ती पट्टीवरच्या रेघा वाचायची आणि पुढे जायची. आता वाचायला रेघा नव्हत्या, तेव्हा आकार दिसत होता. रुंदी होती तेवढीच होती. पण गोल खालच्या बाजूला लांबत चालला होता, आधी जेमतेम, मग उघडउघड. पट्टी कायम आडवी, म्हणून मोजमापही कायम आडवं. कड झाकली जाऊ नये म्हणून दर खेपेला पट्टी थोडी खाली सरकवावी लागत होती, तेही तिला आठवलं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

शेवटी शाईचा थेंब आला. मघाच्या गोलाशी त्याचं इतकं साम्य होतं की तिला यंत्राचा दोष काढवेना.

सासूबाईंनी सिनेमा थांबवला. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

‘‘शेवटचा थेंब आपण टाकला, हे मला माहीत आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याला यंत्र चंद्र म्हणालं. मग आधीचे चंद्र कशावरून चंद्र?’’

स्वयंपाकघरात नवरा भांडी लावत होता. भांड्यांचा आवाज थांबला.

त्या तिच्याकडे बघत राहिल्या. काल आणि आज दोघींनी मिळून एकेक शक्यता काढून टाकली होती. आता हे चंद्र नव्हेत, हीच तेवढी उरली होती.

‘‘काय आहे ते?’’ त्यांनी हळू विचारलं. ‘‘मला सांगायचं नसेल तर नको सांगू. तुझं तुझ्यापाशी. त्या वखारवाल्यासारखी मी चाळत बसणार नाही.’’

नवरा हात पुसत दारात येऊन उभा राहिला. तिने सलवार घोट्यावरून वर घेतली आणि पाय स्टुलावर ठेवला. पट्टी आणायला हात आपोआप पर्सकडे गेला होता; तो तिने मागे घेतला.

सासूबाई वाकल्या, पण बोट लावलं नाही.

‘‘उद्या सकाळी,’’ ती म्हणाली, ‘‘मी डॉक्टरांना पाय दाखवणार आहे. तुम्ही दोघं चला माझ्याबरोबर.’’