ठरलेला आकडा

"अहो, किती झाला?" ओट्यापाशी बोंबील साफ करता करता वनमालाने विचारलं.

"आहे तिथेच आहे. तू तुझं काम कर ना."

मुलुंडच्या त्या एका खोलीत खोटं लपवायला तशी जागा नव्हती. डॉलर ब्याऐंशी रुपये ऐंशी पैशांवर गेला होता, आणि पंच्याऐंशी पैसे झाले की तोटा सोसून सौदा कापायचा, हे सकाळीच ठरलं होतं. पाचच पैसे उरले होते. शरच्चंद्राच्या कानामागून घाम ओघळत होता.

छापखाना बंद पडल्यापासून या गृहस्थाला एकच नाद होता. चढत चाललेला डॉलर कुठे दमतो आणि मागे वळतो, ते हेरायचं. वर असताना विकून ठेवायचा आणि उतरला की स्वस्तात परत घ्यायचा. वळण त्याला सगळीकडे दिसायचं, फक्त डॉलरला दिसायचं नाही. तोटा थांबवायला ॲपमध्ये लावलेला आकडा तो स्वतःच पुढे ढकलायचा. आता वळेल, मग वळेल, या आशेत ग्रॅच्युइटी निम्मी झाली. शेवटी वनमालाने त्याला गावच्या देवाची, वेतोबाची आण घ्यायला लावली. आकडा सकाळी त्याने सांगायचा. तो आला की सौदा मात्र तिने कापायचा. आणि हा सौदा शेवटचा. यात तोटा झाला तर खातं बंद, आणि तिच्या भावाच्या, निलेशच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. या वयात मेहुण्याची नोकरी!

त्याने आलेख पुन्हा पाहिला. आज खरंच वेगळं होतं. डॉलर चढत होता, पण प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा लहान होत होती. इतकं स्वच्छ त्याला आजवर कधी दिसलं नव्हतं.

"वनू, आज जरा थांबूया गं. हा वळणार. दोन मिनिटं फक्त."

"मागच्या वेळीपण दोनच मिनिटं होती." ती हात तसेच घेऊन आली. "दाखवा इकडे."

फोन त्याने तिच्यापुढे धरला. त्र्याऐंशी पैसे. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. वनमालाने बोट टेकवलं. काहीच झालं नाही. बोंबलाने बुळबुळीत झालेलं ते ओलं बोट फोन मानायलाच तयार नव्हता.

"अहो, हे दबत का नाहीये? अहो!" तिचा आवाज चिरकला.

शरच्चंद्राला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढ्यात डॉलर वळला असता, आणि आणही मोडली नसती. पण वनमाला घाबरून पुन्हा पुन्हा बोट आपटत होती, आणि तिला एवढं घाबरायला आपणच शिकवलं, याची त्याला फार लाज वाटली. त्याने सदऱ्याचं टोक ओढलं आणि तिचं बोट नीट, कोरडं होईपर्यंत पुसलं.

"आता दाब."

सौदा कापला गेला. पंचवीस हजार गेले. वनमाला मटकन खाटेवर बसली.

डॉलर आणखी एक पैसा चढला. थबकला. मग कोसळायला लागला. दहा पैसे, वीस, तीस. अगदी त्याने सांगितलं होतं तसा. शरच्चंद्राला ओरडावंसं वाटलं, अख्ख्या चाळीला गोळा करून दाखवावंसं वाटलं.

"आता कुठे आहे?" तिने खाली बघतच विचारलं.

"चाललाय वर." त्याने फोन उपडा ठेवला. "वाट लागली असती. बरं झालं कापलंस."

"सुटलो बाई." तिचे डोळे भरून आले. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "रागावू नका हं. पण ते वळणं-बिळणं तुम्हाला कधी कळलंच नाही, ना?"

"नाही गं," शरच्चंद्र म्हणाला. "नाही कळलं. निलेशला फोन लाव. उद्या किती वाजता येऊ, विचार त्याला."